घरचा पीसी असेंबल करायचाय? पार्ट निवडायच्या आधी आणि निवडताना काय बघायचं

कॉम्प्युटर असेंबल करायचा ठरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, प्रोसेसर कुठला घेऊ. मला कुणी हे विचारलं की मी उलट विचारते, आत्ता जो कॉम्प्युटर वापरताय तो नेमका कुठे अडतो? बहुतेक जण म्हणतात "स्लो झालाय". स्लो म्हणजे काय ते शोधायला पैसे लागत नाहीत, आठवडाभर लक्ष ठेवावं लागतं एवढंच, आणि त्या आठवड्यात जे कळतं त्यावरच पैसा कुठल्या पार्टवर घालायचा ते ठरतं.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि ज्या कामाला मशीन रखडतं ते काम सुरू करून आकडे बघत बसा. रॅम ९० टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्क १०० ला चिकटलेली असेल तर रॅम पुरत नाहीये, विंडोज डिस्कवर तात्पुरतं सामान ठेवून भागवतंय. रॅम मोकळी आहे पण डिस्क १०० वर आहे, तर जुनी हार्ड डिस्क आडवी येतेय. प्रोसेसरचा आकडा २५-३० टक्केच दिसतोय तरी काम पुढे सरकत नाही, तर त्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा, बऱ्याचदा एकच चौकोन वरपर्यंत भरलेला असतो आणि बाकीचे निवांत असतात, याचा अर्थ तुमचं सॉफ्टवेअर एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या आत काम करणारे असे अनेक भाग असतात) चालतंय आणि तुम्हाला जास्त कोअर नकोत, एकेक कोअर वेगवान असलेला नव्या पिढीचा प्रोसेसर हवाय. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड ९७-९९ टक्के दिसणं ठीक आहे, ते कार्ड पूर्ण काम करतंय. तेच ६० वर असताना गेम अडखळत असेल तर आधी संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर.

ओळखीतले एक जण १६ कोअरचा प्रोसेसर घ्यायचं पक्कं करून माझ्याकडे यादी घेऊन आले होते, काम काय तर हिशोबाच्या मोठमोठ्या एक्सेल फाइली. त्यांच्याच मशीनवर टास्क मॅनेजर लावला, फाइल उघडायला घेतली, डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १५. त्यांना नवीन कॉम्प्युटरच नको होता, एक एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लागणारी वेगवान डिस्क) हवी होती. ती घातली आणि अजून तेच मशीन चालू आहे. म्हणून सांगते, हा आठवडा सोडू नका.

फक्त एक गोष्ट आधीच तपासा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या ८ व्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा लागतो. तुमचा त्याच्या आधीचा असेल आणि विंडोजच वापरायचं असेल तर नवीन मशीनचा विचार तसाही करावा लागेल.

आता नवीन घ्यायचं ठरलंच, तर कागदावर पहिल्यांदा मॉनिटर लिहा. कारण ग्राफिक्स कार्डाला किती राबावं लागणार ते मॉनिटर ठरवतो. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख, आणि फोरके म्हणजे ३८४० बाय २१६० वर जवळजवळ ८३ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. जुना फुल एचडी ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटरच पुढची चार वर्षं ठेवणार असाल तर फोरकेसाठी बनलेलं कार्ड घेऊन ते दिसणार कुठे? तोच पैसा मॉनिटरवर घाला. आणि काम लिखाण, ऑनलाइन मीटिंग, सिनेमे, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं, यादीतली एक मोठी रक्कम तिथेच वाचते.

यावरून प्रोसेसरकडे येऊ. वेगळं कार्ड घेणार नसाल तर नावाच्या शेवटचं अक्षर बघितल्याशिवाय ऑर्डर करू नका. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, तो थोडा स्वस्त दिसतो म्हणून लोक उचलतात आणि घरी आल्यावर स्क्रीन काळी. एएमडीमध्ये रायझन ७००० आणि ९००० मालिकेच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये छोटंसं ग्राफिक्स असतं, डिस्प्ले दाखवण्यापुरतं, गेमसाठी नाही (तिथेही एफ असेल तर नाही). एएम ४ (एएमडीचं आधीचं सॉकेट, त्याबद्दल खाली) च्या जमान्यातल्या रायझनमध्ये मात्र नावाशेवटी जी असेल तरच ग्राफिक्स. रायझन ८००० मधले जी वाले, जसा ८६०० जी, त्यांच्यात जरा दमदार ग्राफिक्स आहे, हलके गेम चालतात. इंटेलचा के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारा. तुम्हाला ते करायचं नसेल तर के साठी जास्त पैसे कशाला, कारण के घेतला की झेड चिपसेटचं (चिपसेटबद्दल खाली) मदरबोर्ड आणि मोठा कूलरही मागे लागतो. आणि एएमडीचे एक्स३डी वाले, म्हणजे ७८००एक्स३डी वगैरे, यांच्यात प्रोसेसरवर जादा कॅश मेमरीचा थर बसवलेला असतो, ७८००एक्स३डी मध्ये एल३ कॅश ९६ एमबी आहे. गेमना त्याचा खूप फायदा होतो, पण व्हिडिओ रेंडर करण्यासारख्या कामाला तेवढा नाही, तिथे जास्त कोअर कामाला येतात. म्हणजे पुन्हा तुमचं काम काय त्यावर आलं.

प्रोसेसरबरोबर सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, निवडताय हे ध्यानात घ्या, कारण पुढे तीनचार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल की मदरबोर्डसकट सगळं काढावं लागेल ते सॉकेट ठरवतं. एएमडीचं एएम ४ हे २०१६ ला आलं आणि त्यावर २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसले, लोकांनी त्याच बोर्डवर पुढे २०२२ मधला ५८००एक्स३डी टाकून मशीन पुन्हा तरुण केलं. एएम ५ २०२२ मध्ये आलं, त्यावर फक्त डीडीआर ५, म्हणजे नव्या पिढीची रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० वर १२, १३ आणि १४ वी पिढी बसते, त्याचे बोर्ड डीडीआर ४ चे वेगळे आणि डीडीआर ५ चे वेगळे मिळतात, पण त्या सॉकेटचा प्रवास तिथे संपला. २०२४ च्या शेवटी कोअर अल्ट्रा २०० मालिका आली ती एलजीए १८५१ वर, तीही डीडीआर ५ च. आज शून्यापासून नवीन बांधणार असाल तर माझा कल एएम ५ कडे आहे. पण घरात चांगली डीडीआर ४ रॅम पडून असेल आणि बजेट घट्ट असेल तर एएम ४ किंवा डीडीआर ४ चं १७०० बोर्ड घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त पुढे अपग्रेडचा रस्ता नाही हे मनाशी धरून घ्या.

इंटेलची १३ वी किंवा १४ वी पिढी घेणार असाल तर अजून एक. त्यातल्या वरच्या मॉडेलांना जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होण्याचा त्रास निघाला होता, इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य करून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायोस (मशीन सुरू करणारं, मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेटमधून येते, तेव्हा असा प्रोसेसर लावल्यावर पहिलं काम बायोस अपडेट, गेम नंतर. वापरलेला असेल तर मी घेणार नाही, कारण आधीच्या मालकाने अपडेट केव्हा केलं ते तुम्हाला कळायला मार्ग नाही.

मदरबोर्ड. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि लोक सगळ्यात कमी. बोर्डचा खोका बघून काही कळत नाही, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं मॅन्युअल पीडीएफमध्ये असतं ते विकत घ्यायच्या आधी उतरवा आणि बोर्डचा नकाशा ज्या पानावर आहे ते उघडा. रॅमचे स्लॉट दोन की चार. एम.२ चे, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीचे, स्लॉट किती, आणि खाली बारीक अक्षरात काही लिहिलंय का, कारण बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते ते) बंद होतात, मग तुमची जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी होते आणि माणूस हार्ड डिस्क मेली म्हणून रडत बसतो. ग्राफिक्स कार्डासारखे दिसणारे लांब स्लॉट दोन असतील तरी दुसऱ्याला आतून चारच लेन (डेटा जायच्या वाटा) जोडलेल्या असू शकतात, तेही मॅन्युअलमध्येच कळतं. मग मागच्या बाजूचा फोटो मोठा करा आणि यूएसबी पोर्ट मोजा. अक्षरशः मोजा: कीबोर्ड, माउस, प्रिंटर, वेबकॅम, हेडफोन, पेनड्राइव्हला एक, मोबाइलला एक. सात झाले, आणि स्वस्त बोर्डला मागे सहाच असतात. वायफाय बोर्डात आहे की नाही तेही इथंच, अँटेनाच्या दोन सोनेरी गोल नळ्या दिसल्या तर आहे.

चिपसेट म्हणजे बोर्डवर काय काय करता येईल ते ठरवणारी चिप, बोर्डच्या नावातलं झेड, बी, एच, ए, एक्स हे अक्षर तिचंच. तिचं थोडक्यात: इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक फक्त झेडवर होतं, बी वर रॅम जास्त वेगाने चालवता येते, एच६१० वर तेही नाही आणि रॅमचे स्लॉट दोनच. एएमडीमध्ये बी ६५० वर सगळं करता येतं, ए ६२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक नाही. घरच्या मशीनला बी पुरेसा आहे, कुठल्याही कंपनीचा. झेड आणि एक्स घेण्यामागे काहीतरी ठोस कारण हवं, म्हणजे चार एसएसडी लावायच्यात वगैरे. पण सगळ्यात स्वस्त बोर्ड आणि सगळ्यात महाग प्रोसेसर ही जोडी टाळा, प्रोसेसरला वीज देणारा भाग ज्याला व्हीआरएम म्हणतात तो स्वस्त बोर्डवर उघडाच असतो, त्यावर हीटसिंक नसतं, आणि प्रोसेसर बराच वेळ पूर्ण ताकदीने चालला की तो भाग तापून वेग खाली आणतो. तुम्हाला वाटतं प्रोसेसर खराब आलाय.

त्यानंतर साइटवर त्याच बोर्डच्या सपोर्टमध्ये प्रोसेसरची यादी असते, तुमचा प्रोसेसर तिथे शोधा आणि पुढे कुठला बायोस लागतो ते वाचा. रायझन ९००० चा प्रोसेसर जुन्या बायोसच्या बी ६५० मध्ये लावला तर सॉकेट तेच असून मशीन सुरूच होत नाही. म्हणून बायोस फ्लॅशबॅक असलेला बोर्ड मिळत असेल तर तोच घ्या, त्यात मागे एक बटण असतं, पेनड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसर न लावताच बायोस अपडेट होतो. हे बटण नसेल तर मग अपडेट करायला दुसऱ्या कुणाचातरी जुना प्रोसेसर मागत फिरायचं.

साइज तीन महत्त्वाच्या: एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मायक्रो एटीएक्स बहुतेक घरांना बरोबर बसतो. मिनी आयटीएक्स दिसायला गोड असतो पण पहिल्यांदाच असेंबल करत असाल तर नको, आत हात जात नाही.

रॅमला फार फाटे फोडायची गरज नाही. साध्या कामाला १६ जीबी, गेम किंवा फोटो-व्हिडिओ असेल तर ३२. घ्यायची दोनच्या सेटमध्ये, म्हणजे १६ ची एक नको, ८ च्या दोन, नाहीतर ३२ साठी १६ च्या दोन, कारण दोन चॅनल मिळाले की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम डेटा उचलतो आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार असाल तर यानेच फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉट असतील तर लावायच्या कुठे? प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात, जवळजवळ सगळ्या बोर्डवर हेच. डीडीआर ५ मध्ये चारही स्लॉट भरायचा मोह टाळा, रायझनच्या ७००० आणि ९००० मालिकेत चार लावल्या की एएमडी हमी देते तो वेग ३६०० वर उतरतो, तेव्हा पुढे वाढवायची शक्यता वाटत असेल तर आत्ताच दोन मोठ्या घ्या. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ दोन्हीला २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही आणि जोर लावून बसवायची नाही.

वेगाबरोबर सीएल लिहिलेलं असतं तेही बघा, रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते ते त्यावरून कळतं, कमी तेवढं बरं. हिशोब सोपा आहे, सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाने भागायचं. ६००० ची सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० चीच सीएल ४० म्हणजे १३.३. खोक्यावर दोन्हीकडे ६००० च छापलेलं असतं. एएम ५ ला ६००० आणि सीएल ३० ही जोडी छान जमते, त्याच्या वरच्या वेगाच्या मागे लागू नका.

ग्राफिक्स कार्डात नावावर कधीच विश्वास ठेवायचा नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते. जीटी १०३० नावाचं कार्ड दोन प्रकारांत विकलं गेलं, एकात जीडीडीआर ५ मेमरी, सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवणारी, आणि दुसऱ्यात साधी डीडीआर ४, सेकंदाला १७ जीबीसुद्धा नाही. नाव एकच. जीटीएक्स १०६० मध्ये ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन होते, बघणाऱ्याला वाटायचं फरक मेमरीचाच आहे, पण ३ जीबी वाल्यात कोअरही कमी होते, १२८० च्या जागी ११५२. आरएक्स ६५०० एक्सटी ला चारच लेन आणि व्हिडिओ एन्कोड करायची सोयच नाही, म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करणाऱ्याला ते निरुपयोगी, आणि जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) च्या बोर्डवर लावलं तर गेमलाही मार बसतो. म्हणून नाव वाचून झालं की व्हीरॅम (कार्डावरची स्वतःची मेमरी), मेमरीचा प्रकार आणि लेन किती, हे तीन आकडे कंपनीच्या पानावर जाऊन वाचा.

व्हीरॅमबद्दल माझं मत असं की फुल एचडीला ८ जीबी अजून चालतं पण सेटिंग खाली आणावं लागतं, १४४० ला १२ पासून पुढे, आणि कार्ड चारपाच वर्षं ठेवायचं असेल तर १६. व्हीरॅम नंतर वाढवता येत नाही. तुमचं काम ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरचं किंवा घरी एआय मॉडेल चालवायचं असेल तर एनव्हिडिया सोपं पडतं, कारण बहुतेक सॉफ्टवेअर कुडा (एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली) धरून लिहिलेलं असतं. नुसते गेम असतील तर एएमडी आणि इंटेल आर्क दोन्ही बघा, त्याच पैशात व्हीरॅम जास्त मिळतं. आर्क घेतलंत तर बायोसमध्ये रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू असायलाच हवं, नाहीतर वेग बराच पडतो, फार जुन्या मशीनमध्ये ही सोय नसते.

एसएसडी पटकन. एम.२ हा फक्त आकार आहे, २२ मिलिमीटर रुंद ८० लांब ती २२८०, आत एनव्हीएमई (नवी, वेगवान) असू शकते किंवा साटा (जुनी). साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो, एनव्हीएमई पीसीआय एक्सप्रेस ३.० ची ३५०० पर्यंत, ४.० ची ७००० पर्यंत जाते, ५.० ची त्याच्या दुप्पट. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलं की जमीन-अस्मानाचा फरक, पण ३५०० वरून ७००० वर गेल्याचं रोजच्या कामात कळतही नाही, मोठ्या व्हिडिओ फाइली हलवणारे सोडले तर. त्यामुळे वेगाच्या आकड्यापेक्षा फ्लॅश, म्हणजे आतली मेमरी, टीएलसी प्रकारची आहे का बघा, क्यूएलसी मध्ये मोठी फाइल कॉपी करताना मध्येच वेग एकदम गळतो. टीबीडब्ल्यू म्हणून (एकूण किती टीबी लिहिण्याची हमी आहे) जो आकडा असतो त्याची फार भीती बाळगू नका, १ टीबीच्या बऱ्याच एसएसडींना ६०० टीबीडब्ल्यू असतं, म्हणजे पाच वर्षं रोज ३२८ जीबी लिहाल तेव्हा तिथे पोचाल. १ टीबीच घ्या, ५१२ भरायला वेळ लागत नाही. फोटोंसाठी जुनी हार्ड डिस्क लावा, पण फोटोंची दुसरी कॉपी बाहेरच्या डिस्कवर हवीच.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणारा डबा. यादी बनवताना सगळ्यात शेवटी उरलेल्या पैशात हा घेतला जातो, आणि मला याचंच वाईट वाटतं.

माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर गेम सुरू केला की दहापंधरा मिनिटांत बंद होऊन परत चालू व्हायचा. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, फट्‌कन काळोख. त्याने रॅम बदलून बघितली, विंडोज दोनदा टाकलं, कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावून बघितलं तर तिथे तासन्‌तास चाललं. मग मला बोलावलं, "मावशी, आता बोर्डच बदलतो." इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घटनांची नोंदवही) उघडला तर ओळीने कर्नल-पॉवर ४१, म्हणजे विंडोजला बंद व्हायची सूचनाही न मिळता वीज गेलेली. बाजूचं झाकण काढून एसएमपीएसचं लेबल टॉर्च लावून वाचलं. वर मोठ्या अक्षरात ५०० वॉट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली १८ अँपिअर. १२ गुणिले १८, झाले २१६ वॉट. त्याचं कार्ड आरटीएक्स ३०६०, ते एकटं १७० वॉट घेतं, प्रोसेसर रायझन ५ ५६००, तो पूर्ण भरात ७६ पर्यंत जातो. बेरीज २४६. कॉम्प्युटरमधली जवळजवळ सगळी मोठी भूक १२ व्होल्टवरच असते, उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून ५०० ची बेरीज जमवली होती. दुसरा ५५० वॉटचा आणला, त्याच्या तक्त्यात १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट, आणि मशीन पुन्हा कधी बंद पडलं नाही.

तेव्हा लेबलचा फोटो मागा किंवा साइटवर तक्ता बघा, आणि १२ व्होल्टचा गुणाकार स्वतः करा. किती वॉटचा घ्यायचा? प्रोसेसरचा जास्तीत जास्त आकडा घ्या, टीडीपी (प्रोसेसरवर लिहिलेले नेहमीचे वॉट) नव्हे, कारण ६५ वॉट लिहिलेला एएम ५ चा रायझन ८८ पर्यंत जातो आणि इंटेलच्या १४७००के वर १२५ लिहिलेलं असलं तरी टर्बोमध्ये २५३ पर्यंत. त्यात कार्डाचे वॉट, बाकी सगळ्याचे मिळून ५०-६०. समजा ८८ आणि आरटीएक्स ४०७० चे २०० आणि ६०, झाले ३४८. कार्डं क्षणभरासाठी लिहिल्यापेक्षा खूप जास्त खेचतात, म्हणून ३५० ला ४०० चा चालत नाही, एनव्हिडियाही या कार्डाला ६५० सांगते आणि ते बरोबर आहे. एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला असेल तर असे झटके सहन करण्याची अट त्यात धरलेली असते.

८० प्लसच्या ब्राँझ, गोल्ड या पट्ट्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ६५० चा ब्राँझ पूर्ण ६५०च देतो, त्यातले ८५ टक्के नाही. ती टक्केवारी भिंतीतून किती ओढतो त्याची आहे, आत ३०० वॉट द्यायचे तर ८५ टक्क्यांचा भिंतीतून सुमारे ३५३ घेतो, मधले ५३ उष्णता होऊन जातात. पट्टी वीजबिलाबद्दल सांगते, आतली संरक्षणाची सर्किटं कशी आहेत ते नाही. त्यासाठी त्या नेमक्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी शोधा आणि वॉरंटी बघा, कंपनी सात-दहा वर्षं द्यायला तयार असेल तर त्यात काहीतरी दम आहे. आणि मॉड्युलर (सुट्या केबलींचा) घेतला तर केबली त्याच्याच वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल बसते म्हणून लावायची नाही, एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असू शकते, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क गेली. यूपीएस लावणार असाल तर व्हीए आणि वॉट एक समजू नका, ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॉटचाच असतो.

कॅबिनेट आणि कूलर एकत्र ठरवा. कॅबिनेटच्या माहितीत दोन आकडे असतात, ग्राफिक्स कार्ड किती लांब बसेल आणि कूलर किती उंच बसेल. चांगले टॉवर कूलर १५५-१६० मिलिमीटर उंच असतात, कॅबिनेटमध्ये १५० लिहिलं असेल तर झाकण लागणारच नाही. पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, पुढे अखंड काच असली की पंखे हवा ओढणार कुठून? पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढ्याने घरच्या मशीनचं भागतं. ६५ वॉटच्या प्रोसेसरबरोबर खोक्यात कूलर आला तर सुरुवातीला तोच लावा, आवाज नको असेल तर बदला. पण रायझन ७६००एक्स सारख्या एक्स वाल्यांबरोबर आणि इंटेलच्या के बरोबर कूलर येतच नाही, आणि ट्रे मधला (खोक्याशिवाय सुटा विकलेला) प्रोसेसर घेतला तर त्यातही नाही, तो यादीत वेगळा धरा. घरात जुना कूलर असेल तर एएम ४ चा बहुतेकदा एएम ५ वर बसतो, एलजीए १७०० चा १८५१ वर बसतो, पण ११ व्या पिढीपर्यंतचा १७०० वर नवीन ब्रॅकेटशिवाय नाही. रंगीत लाइटवाले पंखे घेतलेत तर ५ व्होल्टची तीन पिनांची लाइट आणि १२ व्होल्टची चार पिनांची लाइट वेगळी, ५ वाली १२ च्या जागी लावली की एलईडी जळतात.

वापरलेले पार्ट घ्यायचे असतील तर प्रोसेसर (वर सांगितलेली इंटेलची १३-१४ वी पिढी सोडून) आणि रॅम बऱ्यापैकी सुरक्षित, कार्ड चालवून बघून, आणि एसएमपीएस व डिस्क मात्र कधीच नाही.

सगळे पार्ट एकाच आठवड्यात मागवा. ऑफर दिसली म्हणून आज कार्ड आणि तीन महिन्यांनी बोर्ड असं केलं तर कार्ड खराब निघाल्याचं कळेपर्यंत परत करायची मुदत संपलेली असते. आले की सिरियल नंबरचे आणि बिलांचे फोटो काढून ठेवा, खोके महिनाभर टाकू नका. बोर्डच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावर प्रोसेसर बसवायच्या आधी मोबाइलचा कॅमेरा झूम करून आतल्या पिनांचा फोटो घ्या. एएम ५ मध्ये १७१८ पिना आहेत आणि त्या प्रोसेसरला नाहीत, बोर्डला आहेत. तिरक्या प्रकाशात सगळ्या एकसारख्या ओळीत चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी चमकत असेल तर ती वाकलीय, तिथेच थांबा आणि बोर्ड परत करा, कारण प्रोसेसर बसवल्यावर ती तुम्हीच वाकवली असं म्हणतात.

मग कॅबिनेटमध्ये भरायच्या आधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोडून चालू करा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही जोडावं लागेल. एएम ५ वर पहिल्यांदा रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो) चालतं, कधीकधी काही मिनिटं स्क्रीनवर काहीच येत नाही, घाबरून बटण दाबू नका, वाट बघा. बायोस दिसला की दुसरी रॅम लावा आणि मग कॅबिनेट. सगळं झाल्यावर, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डच्या नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम छापील वेगाने चालवायचं सेटिंग) चालू करा, ते आपोआप होत नाही, ६००० ची रॅम तोवर ४८०० वगैरे वरच पळत असते. विंडोज लागल्यावर परत कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून रॅमचा वेग वाचा, डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे हर्ट्झ बघा कारण १४४ चा मॉनिटर बऱ्याचदा ६० वर सुरू होतो, आणि पहिल्या दिवशी ज्या कामाला जुनं मशीन रखडत होतं तेच काम सुरू करून आकडे बघा.